तिच्या बाजूचा प्लग

माझ्या छातीत पेसमेकर बसला तो बायकोच्या हट्टापायी. त्याआधी जिना चढताना मला मध्येच बसावं लागायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. नंतर एका दमात वर जाऊ लागलो. ती खालून म्हणायची, "जरा थांबा. बॅटरी तुमच्यात बसवलीय, माझ्यात नाही."

पुढे तीच गेली. तापाचं निमित्त झालं.

पेसमेकरबरोबर एक छोटा डबा मिळाला होता. तो पलंगाजवळ ठेवायचा. आपण झोपलो की तो छातीतल्या यंत्राची खबर दवाखान्याला पाठवतो. डबा तिच्या उशाशी होता, कारण खोलीतला एकुलता एक प्लग तिकडेच. आयुष्यभर मी लोकांच्या घरांत वायरिंग केलं, आणि माझ्या घरात ही तऱ्हा. मी पेपर वाचायचो तेव्हा दिवा तिच्या डोळ्यांवर यायचा. ती म्हणायची, "तुमच्या बाजूला एक पॉइंट काढा की. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

ती गेल्यावर डब्याचा हिरवा उजेड रिकाम्या उशीवर पडायचा. मी बाहेर खुर्चीत झोपू लागलो.

दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. "काका, तुमची काहीच माहिती येत नाहीये. बाहेरगावी गेलात का?"

"हो," मी ठोकून दिलं.

त्यांनी मुलीला कळवलं. ती लांब राहते. लगेच तिचा फोन.

"बाबा, कुठे गेला होतात?"

"बाहेरच्या खोलीत."

मग म्हणाली, "तो डबा लागतो बाबा. काही बिघडलं तर त्यांना कळणार कसं? बाहेर पॉइंट काढा नि तिकडेच ठेवा. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

म्हणणं खरं होतं. हत्यारांची पिशवी काढली, खुर्चीमागे भिंतीवर पेन्सिलीनं खूणही केली. मग वाटलं, एकदा इथे पॉइंट झाला की आतल्या खोलीत जायला काही कारणच उरणार नाही. दार लागलं की लागलं.

खूण बोटानं पुसली. पिशवी आत नेली, मेन स्विच बंद केला. तिच्या बाजूनं वायर घेतली, पलंगामागून पट्टी मारत माझ्या बाजूला आणली. स्टुलावर चढलो, उतरलो, गुडघ्यांवर बसलो. पूर्वी एवढ्यात गळाठलो असतो. दम लागला नाही. स्टूल धरायला मात्र कोणी नव्हतं.

डबा माझ्या उशाशी लावला. तिचा चष्मा होता तिथेच ठेवला. रात्री भिंतीकडे तोंड करून पडलो.

सकाळी बाईंचा फोन आला. "आलं हं सगळं, काका. ठोके अगदी छान आहेत. झोप लागली ना?"

"ते तुमच्या डब्याला कळत नाही का?"

"नाही हो."

"मग असू दे," मी म्हटलं.