मी गिळलेली पानं

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची टोपली आहे आणि माझं पोट कादंबऱ्यांनी बिघडलेलं आहे. हसू नका. चहाचा चोथा, पेन्सिलीचा भुगा, नाक पुसलेले कागद, सगळं मी मुकाट्याने पोटात घातलं. किळस आली ती एका शहाण्या माणसाच्या वागण्याची.

मला विणलं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावाजवळच्या एका पाड्यावर. तिथल्या चिमणाबाईचा मुलगा हिरामण नाशिकला शिक्षक झाला आणि १९९१ साली मायलेकं तिथल्या सातपूरच्या दोन खोल्यांत राहायला आली. त्यांच्या सामानात मीही आले. हिरामण कादंबरी लिहीत होता. त्याची एक रीत होती. लिहिलेलं पान तो नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसलेल्या आईला वाचून दाखवायचा. ऐकताना तिचं सूप थांबलं, तर पान राहायचं. सूप चालूच राहिलं, तर पान फाटून माझ्यात यायचं. 'चंद्राचं रुपेरी तबक' असलं भरताड मी तेव्हा किती गिळलं म्हणून सांगू! चिमणाबाई म्हणायची, "चांदनं पडलं व्हतं म्हन ना सरळ. लोकान्ला कामं हायेत."

त्या पहिल्या कादंबरीत दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारी माणसं होती आणि ती बोलायची तशीच बोलत होती. वाचणारे रडले. पुरस्कार मिळाला. मलाही वाटलं, आपण चांगल्या कामात आहोत.

मग शाली आल्या, शालींमागून मोठे लोक आले. कुणीतरी म्हणालं, "भाषा जरा प्रगल्भ करा, सर." झालं! दुसऱ्या कादंबरीत सूर्याचा 'सहस्ररश्मी' झाला. तिसरीत तर माणसांना भूक लागायचीच बंद झाली, त्यांना 'अस्तित्वाची पोकळी' जाणवू लागली. आईला वाचून दाखवणं सुटलं. गंगापूर रोडच्या नव्या घरात ती मागच्या खोलीत आणि मी टेबलाखाली. आता चांगली वाक्यं माझ्यात पडायची आणि भरताड छापलं जायचं. शी! मला खरोखर मळमळायचं.

चौथी कादंबरी त्याने आईच्याच आयुष्यावर लिहायला घेतली. महिनाभर तिच्याजवळ बसून तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले. पुन्हा बरे दिवस आले, असं मला वाटलं. पण आपल्या प्रगल्भ भाषेत पक्कं लिहून झाल्यावर "फारच गावंढळ" असं पुटपुटत त्याने आईच्या शब्दांची ती सगळी पानं चुरगाळून माझ्यात कोंबली. सकाळी घंटागाडी आली आणि पानं गेली.

२००७ साली पुस्तक छापून आलं. चिमणाबाईला तेव्हा फारसं आठवत नसे. ती म्हणाली, "माझी गोठ लिवलीस म्हनं. वाच की."

त्याने दहा पानं वाचली. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "बाई चांगली हाय रं. कोनाची कोन ती?"

हिरामणचा चेहरा उतरला. "आई, तूच आहेस ती. पाडा सोडून निघालीस तेव्हा काय झालं होतं? परत सांग ना मला."

तिने आठवून पाहिलं. "आता ध्यानात नाय रं. तुला सांगितलं व्हतं ना समदं? तुझ्याकडं आसंल, बघ."

तो उठून माझ्याकडे आला आणि त्याने माझ्यात हात घातला. मित्रांनो, तोवर वर्ष उलटलं होतं. त्याच्या हाताला एक रिकामं पाकीट लागलं.

तुम्ही लिहाल, तेव्हा स्वतःची वाक्यं खुशाल फाडा, मी गिळीन. पण दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले शब्द माझ्यात टाकू नका. मला ते परत देता येत नाहीत.