‘सरमिसळ’ची उलटी पानं

मित्रांनो, मी एक जुना स्टेपलर आहे आणि सध्या फार वैतागलेलो आहे. तुमच्या कंपासपेटीत मावतो तो इवलासा स्टेपलर नव्हे. मी लोखंडी आहे, हातभर लांब आहे आणि कागदांचा जाडजूड गठ्ठा एका दणक्यात शिवतो. माझी उमेदीची वर्षं बडोद्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात गेली. तिथे माझा मान मोठा होता. साहेब आठवणीने माझ्या सांध्यांना तेल घालून घेत. पुढे ऑफिसातले कागद कमी झाले, मी भंगारात निघालो आणि तिथल्याच जनार्दनकाकांनी निवृत्त होताना मला घरी आणलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

कारण रावपुऱ्यातल्या त्या घरात काकांच्या पत्नी, वसुंधराताई, ‘सरमिसळ’ नावाचं नियतकालिक चालवतात. ते वर्षातून चारदा निघायला हवं, निघतं दोनदा. ताईंचा हट्ट असा, की बडोद्यात जेवढ्या भाषा बोलल्या जातात तेवढ्या सगळ्या त्यात याव्यात, ज्या लिपीत लिहिलं त्याच लिपीत याव्यात आणि मोठी मासिकं ज्यांना दारातही उभं करत नाहीत त्यांना आधी जागा मिळावी. विचार चांगला आहे, नाही कोण म्हणतो? पण चांगल्या विचारांचं ओझं शेवटी माझ्या मानेवर येतं. जेवणाच्या टेबलावर गठ्ठे पसरतात, काका ताट मांडीवर घेऊन जेवतात आणि मधल्या वेळात माझ्या दांड्याखाली अक्रोड फोडतात. तेलाचं नावही काढायचं नाही.

दर अंकाला तीच भांडणं. गुजराती कवी विचारतो, मराठी आधी का? मराठी कथाकार म्हणतात, आमचे पणजोबा इथे घोड्यावरून आले, आम्ही मागे का? रिफायनरीतले तमिळ गृहस्थ रुसून फोनच बंद ठेवतात. बरं, एवढं करून अंक निघाला की प्रत्येकजण आपलं पान उघडतो, त्याचा फोटो काढतो, चार नातेवाइकांना पाठवतो आणि अंक मिटतो. दुसऱ्याचं पान? छे! नाव सरमिसळ आणि वाचताना ज्याची त्याची चूल वेगळी. पीन वाकडी गेली तर दोष मात्र माझा.

आता या वेळच्या अंकाचं ऐका. इथल्या वारसिया वस्तीत रेवाचंदभाई नावाचे एक कापडवाले आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट लिहिली, तीही सिंधीत, उर्दूसारख्या दिसणाऱ्या जुन्या लिपीत. ही लिपी उजवीकडून डावीकडे चालते. त्यांच्या मुला-नातवंडांना ती येत नाही. वाचणारी उरली एकच, अजमेरला राहणारी त्यांची नव्वदीची थोरली बहीण. सिंधीत थोरल्या बहिणीला अदी म्हणतात. अंक हातात आला की तो घेऊन ते अदीकडे जाणार होते.

कुणीतरी सुचवलं, देवनागरीत छापा, सोपं पडेल. ताई उसळल्या. “त्यांनी लिहिलीय तशीच छापणार! एक टिंब हलणार नाही!”

टिंब नाही हललं. पण पानं छापून आल्यावर ती क्रमाने लावायचं काम पीयूषचं. पीयूष ताईंच्या बहिणीचा मुलगा, अंकाची मांडणी तोच करतो. त्याने सिंधी पानं बाकीच्यांसारखीच डावीकडून लावली. ताईंनी त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “किती देखणी दिसतात रे!” झालं. मी दणादण सगळ्या प्रती शिवल्या. आता तुम्हीच सांगा, उजवीकडून वाचणाऱ्याच्या हाती आधी काय लागणार? शेवट!

प्रती गावात गेल्या. फोन आले. वा, सिंधी लिपी, काय धाडस! असा अंक काढावा तर तुम्हीच! कौतुकाचा नुसता पाऊस. चूक एकालाही दिसली नाही, कारण एकानेही वाचलं नव्हतं. मी लोखंडाचा, मला वाचता येत नाही. यांना काय धाड भरली होती?

रविवारी सकाळी रेवाचंदभाई आले. ताईंनी पेढे पुढे केले. त्यांनी पेढा हातातच धरला, पिशवीतून अंक काढला आणि अवघडून म्हणाले, “बेन, बुरा मत मानना. मेरी अदी फिर से लाइन में खड़ी हो गई।”

ताईंना काही कळेना. कळणार कसं? एकेक अक्षर जपून छापलेली ती गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. मग रेवाचंदभाईंनी सांगितली. फाळणीनंतर कुटुंब इथल्या निर्वासितांच्या छावणीत आलं. अदीची शाळा सिंधमध्येच सुटली. भावांनी शिकावं म्हणून ती पहाटेपासून नळाच्या रांगेत उभी राही आणि रांगेतच धाकट्याला, म्हणजे यांनाच, ओल्या मातीवर बोटाने अक्षरं शिकवी. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या घरात नळ येतो. अदी तो सोडते आणि त्याखाली नुसते हात धरून बसते. तिथे गोष्ट संपते. आमच्या अंकात मात्र घरात नळ आधी आला होता आणि शेवटी अदी घागर घेऊन रांगेत.

ताईंचा चेहरा उतरला.

“मावशी, मला काय खबर?” पीयूष म्हणाला. “मी तर बराबरच लावली होती.”

“तुला नाही रे, मला खबर असायला हवी होती.” ताई रेवाचंदभाईंकडे वळल्या. “सगळ्या प्रती परत मागवते. सगळ्या उसवते.”

रेवाचंदभाईंनी हात जोडले. “नहीं बेन, इतनी तकलीफ मत करो. बस एक ठीक कर दो, अदी के लिए. बाकी में तो किसी को पता ही नहीं चलेगा।”

तो टोमणा नव्हता. ते अगदी सरळ मनाने बोलले आणि म्हणूनच ताईंना ते फार लागलं. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू. ताई उठल्या, पकड घेऊन आल्या आणि पहिली पीन उपसली.

सिंधी पानांची जुडी काढायची, भाकरीसारखी उलटायची, परत त्याच जागी ठेवायची आणि मला दणका द्यायचा. काका मदतीला बसले. पीयूष स्कूटरवरून लहरीपुऱ्यापर्यंत हिंडून, वाटलेल्या प्रती गोळा करून आला. एकदा केलेलं काम उसवून पुन्हा करणं किती जिवावर येतं, हे मला विचारा. मी सगळ्यांच्या नावाने मनातल्या मनात शंख करत होतो. मधेच ताई रेवाचंदभाईंना म्हणाल्या, “वाचून दाखवा ना. सिंधीतच.” त्यांनी वाचलं. शब्द कुणालाच फारसे कळले नाहीत. पण घरात नळ कुठे आला ते सगळ्यांना कळलं, कारण तिथे त्यांनी वाचता वाचता एक हात नळाखाली धरावा तसा पुढे केला. तेवढा वेळ मला कुणी हात लावला नाही.

उलटलेल्या पानांच्या बाहेरच्या कडेला जुन्या पिनांची भोकं राहिली आहेत. असू देत. ती चूक दिसायलाच हवी.

त्यानंतरच्या आठवड्यात अजमेरहून फोन आला. अदीने गोष्ट वाचली होती, दोनदा. ताईंनी धीर करून विचारलं, “आवडली का त्यांना?”

“बेन,” रेवाचंदभाई म्हणाले, “अदी पूछती है, बाकी पन्नों में क्या लिखा है?”

मित्रांनो, ‘सरमिसळ’च्या उभ्या आयुष्यात हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला. ताईंनी अंक पुढ्यात ओढला आणि फोनवर हिंदीत एकेक पान सांगायला घेतलं. मराठी कथा सांगितली, गुजराती कविता सांगितली. पुढे छोटाउदेपूरच्या एका बाईंनी गुजराती लिपीत लिहून दिलेली, तिथल्या आदिवासींच्या राठवी बोलीतली गाणी आली आणि ताई थांबल्या. अक्षरं त्यांना वाचता येत होती. अर्थ मात्र त्यांनी त्या बाईंना कधी विचारलाच नव्हता.

म्हणून हात जोडून सांगतो, हात नाहीत तरी सांगतो. दुसऱ्याच्या भाषेचं कौतुक करायला फार काही लागत नाही. आधी त्याला विचारा, तू काय लिहिलं आहेस? मी पानं एकत्र शिवू शकतो. पुढचं काम माझ्याच्याने होत नाही, ते तुमचं आहे.