नावापुढचं क्लिनिक

गौरवच्या मुलीचं, आरोहीचं, बारसं झालं, ते साल दोन हजार चोवीस. बारशाला मुंबईहून आलेला गौरव आठवडाभर राहिला आणि तेवढ्यात त्याच्या आईच्या, सावित्रीच्या, घराला वेबसाइट झाली.

आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्याच्या वर, सड्यावरच्या कातळमाळावर त्यांचं घर. सावित्रीचा नवरा दादू काविळीचं औषध द्यायचा, बापाकडून आलेलं. पैसा घ्यायचा नाही, हा पहिला नेम. दुसरा त्याहून कडक: आजारी माणूस स्वतः अंगणात आला पाहिजे. दादू त्याची पापणी खाली ओढून उजेडात बघायचा, चार शब्द बोलायचा. माणूस पेंगत असला, बोलताना अडखळत असला, की औषध नाही. सरळ रत्नागिरीचा दवाखाना.

"कुठे यायचं नि कुठल्या वारी, एवढंच लिहू," ओटीवर लॅपटॉप उघडून गौरव म्हणाला. "पण नावापुढे काय लावायचं? डॉट कॉम कुणीतरी आधीच घेतलंय. डॉट क्लिनिक मोकळं आहे."

"आपलं कसलं रे क्लिनिक?" दादू म्हणाला. "मी सातवी नापास."

"बाबा, नुसतं शेपूट आहे ते."

"शेपटावरनंच जनावर ओळखतात, मेल्या."

सावित्री हसली, पण तिला ते नाव आवडलं होतं. वाडीतले काही जण दादूला भोंदू म्हणायचे. ते तिला फार लागायचं. "घे तेच," ती म्हणाली. "बघू देत लोक."

नोंदणीला फोन नंबर हवा होता. दादूकडे फोन नव्हता. तिने आपला सांगितला, आलेला ओटीपीही वाचून दाखवला. तोच नंबर साइटवर गेला.

गौरव मुंबईला परतला आणि फोन सुरू झाले. "मॅडम, डॉक्टर कधी बसतात?" "ॲडमिट करून घेता का?" आधी तिला गंमत वाटली. मग एका बाईने विचारलं, "तान्ह्या बाळाला चालेल ना?" आणि सावित्रीने तिला आधी दवाखाना गाठायला सांगितलं. त्यानंतर फोन वाजला की उचलायचीच भीती. उचलला नाही तर माणूस तसाच निघून येईल, ही भीती आणखी मोठी.

"बंद कर रे ते," तिने गौरवला सांगितलं.

"करतो गं आई, रविवारी."

रविवार आले नि गेले. श्रावणात एका सकाळी मलकापूरकडून कुणा दर्शनचा फोन आला. बायकोला, राहीला, कावीळ होती. कालपासून ती झोपेतच होती. उठवलं तर नवऱ्यालाही ओळखत नव्हती.

"दवाखान्यात न्या तिला! आत्ताच्या आत्ता!"

"तिथंच होतो, मावशी. कोल्हापूरला न्या म्हणाले. तुमची साइट बघितली आणि गाडी इकडं वळवली. आंबा घाट उतरतोय."

"अहो, इथे क्लिनिक नाही! म्हातारा माणूस आहे नुसता!"

"असं कसं? लिहिलंय की क्लिनिक..." घाटात आवाज तुटला.

ती पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. लागेना. रस्त्यावर गाडी वाजली की ती पावसातच गडग्यापर्यंत, अंगणाच्या दगडी कुंपणापर्यंत, धावायची.

"अहो, वाटेतच काही झालं तर?"

औषधाच्या बरणीकडे दादू गेलाही नाही.

गाडी आली तेव्हा त्याने दार उघडून राहीची पापणी ओढली. "बाय माझे, इकडे बघ." तिने बघितलं नाही.

"उतरू नका. रत्नागिरीला चला."

"डॉक्टर, एक डोस तरी द्या हो!"

"मी डॉक्टर नाही रे पोरा!"

सावित्री मागच्या सीटवर चढली. राहीचं डोकं तिने मांडीवर घेतलं. श्वास चाललाय का, हे बघायला तिच्या नाकाशी बोट धरून ती बसली. गाडीच्या हादऱ्यांत काही कळत नव्हतं.

राही वारली. वय सव्वीस. रत्नागिरीत, दवाखान्याच्या दारात, सोमवारी, बारा ऑगस्ट दोन हजार चोवीस रोजी.