कमरेचं माप

"मास्तर, माझा हात दाबा."

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. मास्तर म्हणजे माझा नवरा, शिंपी. सात महिन्यांपूर्वी डोक्यातली नस फुटली. तेव्हापासून डोळे उघडे, पण आत कोणी आहे की नाही याचा पत्ता नाही. आजची तपासणी शेवटची. शुद्धीची एक जरी खूण दिसली तर याच वॉर्डात आणखी तीन महिने उपचार. नाही तर रवानगी गावाबाहेरच्या संस्थेत, कायमची.

खाटेच्या पायथ्याशी माझी नणंद पुटपुटत होती, "दाब रे दादा, दाब."

आणि मला 'नाही' हवं होतं. सांगूनच टाकते. सात महिने त्यांना कुशीवर वळवतेय, नाकातल्या नळीतून भरवतेय, भिंतीशी बोलावं तसं बोलतेय. दुकानाला कुलूप. माझ्या पाठीचा पार भुगा झालाय. कोणीतरी अधिकारवाणीनं 'आता आशा नाही' म्हणावं आणि मी घरी जाऊन झोपावं, एवढंच मागणं होतं. माझी मलाच शिसारी येत होती.

बोटं हलली नाहीत. डोळ्यांसमोर आरसा फिरवला, नजर फिरली नाही.

"सहीचे कागद आणते," बाई म्हणाल्या. "संस्थेत मागून उघडणारे कपडे लागतात. शिवून द्याल ना?"

त्या गेल्या आणि मी पिशवीतून टेप काढली.

"वहिनी, आत्ता माप?" नणंदेचे डोळे भरले.

"मग कधी? लिहून घ्या, वन्सं."

दुकानात आमची हीच पद्धत. मास्तर माप घेऊन मोठ्यानं सांगायचे, मी लिहायची. कंबर आली की गिऱ्हाईक हटकून पोट आत ओढायचं. मास्तर म्हणायचे, "पोट सोडा साहेब, पँट तुम्हाला घालायचीय, आरशाला नाही." स्वतःचं माप देताना मात्र स्वारी पोट आत ओढून, श्वास रोखून उभी! मी गुपचूप दोन इंच वाढवून लिहायची.

"छाती चौतीस," मी म्हणाले. मग पाठीखालून टेप ओढून घेतली आणि कमरेभोवती आवळली.

टेप सैल पडली.

श्वास असेल, म्हटलं. पण श्वासानं पोट वरखाली होतं. हे आत गेलं आणि आतच राहिलं. मी टेप सोडली. पोट बाहेर आलं. पुन्हा आवळली. पुन्हा आत. तिसऱ्यांदा आवळली, तेव्हा त्यांच्या गळ्याची शीरसुद्धा ताणलेली दिसली.

नणंद वहीत मान घालून बसली होती. "कंबर किती, वहिनी?"

तिनं काही पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. मी बत्तीस म्हटलं असतं तर तिनं बत्तीस लिहिलं असतं, बाईंनी कागद पुढे केले असते आणि मी आज घरी झोपले असते. बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज जवळ येत होता.

"वहिनी? किती?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सात महिने मी हात दाबा, डोळे मिटा, जीभ दाखवा म्हणून घसा फोडला, तेव्हा हा माणूस ढिम्म. आणि आता?

"आत्ता?" मी ओरडले. "मेल्या, आत्ता होय रे?"

नणंद दचकून उभी राहिली. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

बाई कागद घेऊन दारात थबकल्या. मी टेपची दोन्ही टोकं त्यांच्या हातात कोंबली.

"हात दाबा म्हणू नका त्यांना. त्यांना कळतंय ते हे. आवळा, आणि पोटाकडे बघत राहा."

त्यांनी कागद खाटेवर ठेवले. मी वाकून मास्तरांच्या कानाशी तोंड नेलं. मला रडू आवरत नव्हतं आणि रागही.

"खबरदार," म्हणाले, "आता पोट सोडलंस तर."