दोन्ही डोळे उघडे

"साहेब, तुमी माझ्या पोरीचे डोळे तपासलेच न्हाईत. नुसतं ठीक हाय म्हणून सांगितलं."

इंदापूरच्या दवाखान्यात, पेशंटांनी भरलेल्या बाकांसमोर फरजाना उभ्यानंच बोलली. नवरा इस्माईल मागून तिची ओढणी ओढत होता. तिनं ती झटकून सोडवली.

मागच्या वर्षी हेच डॉक्टरसाहेब पळसदेवच्या शाळेत डोळे तपासायला आले होते. गावच्या सरपंच आबासाहेबांच्या घरी तपासणीवाल्यांच्या जेवणाला माशाचं कालवण रटरटत होतं, म्हणून सगळ्यांनाच घाई. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर पोरांची रांग. आपल्या शाळांत पोरं सगळंच एका सुरात म्हणतात, पाढे काय न् प्रार्थना काय. पुढचा वाचायला लागला की मागची अख्खी रांग त्याच्याबरोबर म्हणायची. पहिलीतल्या रुक्सारचा नंबर येईस्तोवर तक्ता तिला तोंडपाठ. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिनं तो घडाघडा म्हटला. साहेबांनी गालगुच्चा घेतला, पोरगी हुशार आहे म्हणाले.

पुढं पोरगी मान वाकडी करून बघायला लागली. डावीकडच्या चौकटीवर आपटायची. फरजाना तिला याच दवाखान्यात घेऊन आली. साहेबांनी साधी बॅटरीही मारली नाही. मीच तपासलंय तिला शाळेत, पोरीला मोबाईल बघायला देणं बंद करा, एवढंच. शिकल्यासवरल्या माणसाचा शब्द! फरजानानं मोबाईल कपाटात टाकला, आणि पोर आपटली की पोरीलाच रट्टे दिले.

शेवटी फरजाना पोरीला पुण्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. उजवा झाकताच रुक्सार गप्प. अंगावरचे चहाच्या रंगाचे डाग नसेवरच्या गाठीची खूण असू शकतात म्हणत बाईंनी लगेच एमआरआय करायला लावला. डोळ्यामागच्या नसेवर गाठ. डावी नजर आता परत येणार नाही, म्हणाल्या. गाठ उजवीकडं पसरतेय, ती थोपवायला वर्षभर दर आठवड्याला सलाईनमधून औषध द्यावं लागेल. उजवा वाचेल का, यावर त्या खोटं बोलल्या नाहीत.

हे सगळं ऐकूनही साहेब खुर्चीतून हलले नाहीत. असल्या गाठी लहानपणापासूनच असतात, आधी कळून तरी काय झालं असतं, असं समजुतीच्या सुरात म्हणाले. बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. साहेब बोलले म्हणजे खरंच असणार.

फरजाना टेबलाला भिडली.

"गाठ तुमी दिली न्हाय, एवढं कळतं मला. पण पोर दोनदा तुमच्यासमोर उभी व्हती. एक डोळा तळहातानं झाकायला काय लागतं साहेब? का न्हाय झाकला? बोला."