स्पीकरजवळची जागा

दिवे गेले, पंखे थांबले आणि महिपतच्या शेजारचा स्पीकर गप्प झाला.

माळनाक्यामागच्या गल्लीत पद्मजाताईंनी घराचा खालचा मजला गाण्याच्या बैठकींसाठी मोकळा ठेवला होता. पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर बसली होती. भारनियमनाची सगळ्यांना सवय झालेली. पद्मजाताईंनी मेणबत्त्या लावल्या आणि खेडहून आलेल्या ऋजुताने माइक बाजूला सारून गाणं चालू ठेवलं. माणसं पुढे सरकली. माइकशिवाय तिचा आवाज जास्तच गोड लागत असावा.

महिपतला मात्र आता काहीच ऐकू येत नव्हतं.

पोफळीच्या वीजघरात त्याची सगळी नोकरी यंत्रांच्या घरघरीत गेली आणि कानही तिथेच गेले. निवृत्तीनंतर त्याने रत्नागिरीत ब्लॉक घेतला. त्याची बायको मालन दर महिन्याला इथे गाणं ऐकायला यायची. घरी आल्यावर कितीतरी वेळ त्याबद्दल बोलायची आणि तो नुसता हं हं करायचा. मालन गेली, मुलगा उन्मेष मुंबईला. महिनाभराने बैठकीचं आमंत्रण नेहमीसारखं तिच्याच नावाने आलं. ती आता नाही, हे सांगायला म्हणून महिपत गेला, तर पद्मजाताईंनी त्याला बसवून घेतलं. तेव्हापासून तो येतच राहिला.

स्पीकरला खेटून बसलं की काहीतरी आत उतरायचं. बाकीचं तो माणसांकडे बघून निभावून न्यायचा. माणसं डोलली की तोही डोलायचा, टाळ्या पडल्या की वाजवायचा. हे कळलं तर लोक म्हणतील, मग हा येतो कशाला, अशी त्याला धास्ती होती.

आज अंधारात शेजारचे चेहरेही दिसेनात. उजेड होता तो फक्त गाणारीवर. मग तो शेवटपर्यंत तिच्याकडेच बघत राहिला.

बैठक संपली तरी दिवे आले नव्हते. चहाचे पेले हातात घेऊन माणसं घोळक्यांनी बोलत उभी होती. ऋजुता मेणबत्ती घेऊन सरळ महिपतकडे आली आणि वाकून नमस्कार केला.

"काका, सगळे डोळे मिटून ऐकत होते. तुम्ही एकटेच माझ्याकडे बघत होतात. आज मी तुमच्यासाठीच गायले."

ज्योत तिच्या तोंडाजवळ होती, म्हणून ओठ नीट दिसले आणि सगळं कळलं. नुसतं हसून भागलं असतं. पण त्या पोरीचे डोळे भरून आले होते.

"बाय, मला ऐकू येत नाय," तो म्हणाला. आवाज मोठा झाला असावा, कारण जवळची माणसं वळली. "तुझं गाणं मी ऐकलं नाय."

ज्योत खाली घेत तिने काहीतरी विचारलं. येता कशाला, असंच असणार, असं त्याने धरलं.

"घरात कोण हलत नाय," तो म्हणाला. "इथे माणसं हलतात."

ऋजुता त्यावर बराच वेळ बोलत होती. पण आता मेणबत्ती तिने खाली खिडकीत ठेवली होती आणि तिचा चेहरा काळोखात गेला होता. महिपत समजल्यासारखी मान हलवत राहिला.

माणसं पांगली. पद्मजाताई एकट्याच सतरंजी गोळा करू लागल्या. महिपतने पलीकडची टोकं उचलली. दोघांनी ती ताणून झटकली, घडी घातली, आणि आपल्या हातातली टोकं त्यांच्या हातात द्यायला तो पुढे झाला.