आबिकोचा उखाणा

कौसल्या जपानला निघाली होती. तिचे मालक आबाराव बियाण्याचं शिक्षण घ्यायला दोन वर्षांसाठी तिकडे गेले होते. विमानातून उतरल्यावर ओळखीचे एक गृहस्थ तिला गाडीत बसवून देणार होते. पण आबिको नावाच्या मोठ्या स्टेशनावर उतरून दुसरी गाडी तिची तिनंच धरायची होती. सासऱ्यांनी एकच अट घातली, नाव घेऊन स्टेशन विचारता आलं तरच एकटीनं जायचं.

आणि तेच तिला जमेना. आबिको म्हणायला तोंड उघडलं की ओठांवर 'आबा' यायचं, अन् नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

सोमवारची कहाणी वाचून झाली की आम्ही बायका जुन्या जालन्यात महादेवाच्या ओट्यावर तिची तालीम घ्यायचो. रांगोळीनं दोन फलाट आखले. गोपिकाबाई डोक्याला पंचा बांधून जपानी साहेब झाल्या. कौसल्या पदर सावरून विचारायची, ह्यांचं टेशन आलं का? साहेब म्हणायचे, कुनाचं? ती म्हणायची, आमच्या घरच्यांचं. हसता हसता माझ्या हातातलं कहाणीचं पुस्तक पडलं. मी ते कपाळाला लावलं आणि पुन्हा हसले. तिच्या सासू साखराबाईंनी तर हुकूमच सोडला, की मी मोठी सांगते, घे नाव. तरी न्हाईच.

मंग मला सुचलं. "अगं, उखाण्यात तर घेतेस ना?"

कौसल्यानं डोळे मिटले.

"महादेवाच्या पिंडीवर बेल वाहते ताजा,
आबिको आलं असेल तर सोडा रस्ता माझा."

खांबाआड बसलेले सासरे खाकरले. "बराबर. जाऊ द्या तिला."

दीड महिन्यानं तिचं पत्र आलं. ते मी ओट्यावर वाचून दाखवलं. एका स्टेशनावर माणसांचा पूर लोटलेला. तिनं गाडीच्या दारातूनच पांढऱ्या हातमोज्यांच्या मास्तरांना अख्खा उखाणा म्हटला. ते म्हणाले, "हाय, आबिको." बाई गं, इकडचे लोक होकाराला आपल्यासारखंच हाय म्हणतात, असं तिनं लिहिलं होतं. ती उतरली तसे मास्तर कमरेत वाकले. वडीलधारं माणूस वाकतंय म्हणून ही आणखी वाकली. ते त्याहून खाली गेले. या वाकावाकीत दोन गाड्या निघून गेल्या. शेवटी तिकीट पाहून मास्तरांनीच तिला तिसरीत बसवलं.

पुढच्या गावी आबाराव ताटकळत उभे होते. सगळी हकीगत ऐकल्यावर, नाव कसं घेतलंस, एकदा म्हणून दाखव, असं म्हणून मागेच लागले.

तिनं लिहिलं होतं, "मी म्हणलं, परक्या माणसाला म्हणलं ते म्हणलं. तुमच्यासमोर मला लाज वाटते."